वर्षाची विक्री उणे दोन कोटी? इंट आणि लाँगमधला फरक

पहिल्या नोकरीत मी दुकानदारांसाठी हिशेबाचं ॲप लिहीत होतो. एके दिवशी एका होलसेल व्यापाऱ्यांचा फोन आला, "अहो साहेब, वर्षाची विक्री उणे दोन कोटी कशी दाखवताय?" चूक माझीच होती, तीही एका शब्दाची. बेरजेचा व्हेरिएबल मी 'इंट' घेतला होता.

जावामध्ये इंटला ४ बाइट, म्हणजे ३२ बिट जागा मिळते. अधिक आणि उणे दोन्ही संख्या त्यातच बसवायच्या असल्यामुळे सगळ्यात मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. ऐकायला भरपूर वाटते ना? पण मी रक्कम पैशांत साठवत होतो. म्हणजे मर्यादा झाली २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. त्यावर एक पैसा वाढला की जावा एरर देत नाही, गुपचूप उणे टोकापासून मोजायला लागते. त्यामुळे २ कोटी २० लाखांची विक्री स्क्रीनवर −२,०९,४९,६७२.९६ झाली!

मग रुपयेच 'डबल'मध्ये का नाही ठेवले? कारण त्यात ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. व्यापारी पैशा-पैशाचा हिशेब मागतात. त्यामुळे पैसे बरोबरच होते, फक्त 'लाँग' हवा होता. त्याला ८ बाइट लागतात आणि मर्यादा जाते साधारण ९२२ कोटी कोटी रुपयांवर.

आता जागेचा हिशेब. एक कोटी नोंदी असतील तर तो कॉलम इंटमध्ये ४० एमबी, लाँगमध्ये ८० एमबी. एवढ्यासाठी कंजुषी करू नका, तुमच्या फोनमधला एखादा व्हिडिओ याहून मोठा असेल. वयासाठी मात्र १ बाइट पुरतो. तिथे लाँग घेणं म्हणजे उगाच उधळपट्टी.

अशा चुका मोठ्यांच्याही होतात. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज याच २१४ कोटींच्या पुढे गेले, तेव्हा यूट्यूबचा काउंटर ६४ बिटचा झालेला होता.

आणि हो, मोबाइल नंबर इंटमध्ये ठेवू नका. आपले नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात, म्हणजे किमान ६०० कोटी! एकही मावणार नाही. तसंही मोबाइल नंबरची बेरीज कोण करतं? सरळ टेक्स्ट घ्या, म्हणजे लँडलाइनच्या ०२२ मधलं शून्यही गळणार नाही.