ओट्यावरची आजी आणि डिजिटल अरेस्ट

गुन्हेगारीशास्त्र म्हटलं की गुन्हेगाराचं मन, त्याचं बालपण, गरिबी असं काहीतरी जड डोळ्यांसमोर येतं. पण लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांचा १९७९ सालचा सिद्धांत वाचला आणि तो मला थेट माझ्या कामातला वाटला. सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला की तो कुणी केला यापेक्षा, काय काय जुळून आलं की तो होतो, हे आम्ही आधी शोधतो. या दोघांनी चोरीचं तेच केलं.

त्यांना पडलेलं कोडं असं : १९६०च्या दशकात अमेरिकेत शिक्षण वाढलं, उत्पन्न वाढलं, तरी घरफोड्या वाढतच गेल्या. का? त्यांचं म्हणणं, गुन्ह्यासाठी तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात. गुन्हा करायला तयार असलेला माणूस, सोयीचं सावज आणि राखण करणारं कुणी नसणं. त्या काळात घरं दिवसा रिकामी राहू लागली होती आणि घरातल्या वस्तू हलक्या झाल्या होत्या. १९६०च्या कॅटलॉगमधला सर्वांत हलका टीव्ही ३८ पौंडांचा होता, १९७०च्या कॅटलॉगमधला १५ पौंडांचा! चोर तेवढेच राहिले तरी चोऱ्या वाढणारच. (बायका नोकरीला गेल्या म्हणून चोऱ्या झाल्या, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. राखायला पुरुषही घरी थांबू शकतो.)

संधी काढून घेतली की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण पश्चिम जर्मनीतलं आहे. १९८० मध्ये तिथे हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. मोटरसायकल चोऱ्या वर्षाला सुमारे दीड लाखावरून १९८६पर्यंत ५४ हजारांच्या आसपास आल्या. गाडी दिसली म्हणून उचलणाऱ्याकडे हेल्मेट कुठून असणार? आणि या चोरांनी मोर्चा मोटारींकडे वळवला म्हणावं, तर मोटारींच्या चोऱ्या त्या मानाने फारच थोड्या वाढल्या.

यातला राखणदार म्हणजे पोलीसच असं नाही. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्यावर असलेले लोकांचे डोळे. आपल्या वडोदऱ्याच्या पोळीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आजीला चुकवून अनोळखी माणूस आत जाणं कठीणच होतं. त्या नजरेचा जाच आमच्या पिढीने भरपूर काढलाय, तोही खराच.

आता आपल्यापैकी बरेचजण पुण्या-बंगळुरूत आणि आई-बाबा इथे फ्लॅटमध्ये. सावज म्हणजे निवृत्तीची रक्कम, आणि ती उचलायला टीव्हीइतकेही कष्ट नाहीत. 'डिजिटल अरेस्ट'वाले तर राखणदारच आधी बाजूला करतात. व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, मुलांनासुद्धा सांगायचं नाही. धमकी त्यानंतर येते.

आमच्या शेजारच्या काकूंना असाच फोन आला होता. गणवेशातला माणूस, मागे सरकारी वाटणारी भिंत. तीन तास त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. समोरच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या, बेल वाजवतच राहिल्या, आणि शेवटी काकूंनी दार उघडलं. वहिनींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि फोन हातातून काढून घेतला. पैसे अजून गेले नव्हते.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे आई-बाबांना सांगून ठेवाच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. मी याशिवाय दोन गोष्टी केल्या. बाबांच्या खात्याची ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा त्यांना विचारून कमी केली. आणि समोरच्या वहिनींना सांगून ठेवलं, की आई-बाबांचा फोन बराच वेळ व्यस्त लागला तर मी तुम्हाला फोन करीन, तुम्ही फक्त जाऊन बेल वाजवा. बाबा म्हणाले, "म्हणजे आता आमच्यावर पाळत!" मी हो म्हटलं.