कानशिलाची खिडकी

जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या प्रथम दिसल्या त्या १९२७ साली, लिस्बनमध्ये. एगास मोनिझ यांनी मानेतली रोहिणी उघडी करून तिच्यात सोडियम आयोडाइड टोचले आणि क्ष-किरणांचे चित्र घेतले. हीच अँजिओग्राफी. त्याआधीच्या प्रयत्नांत एक रुग्ण दगावला होता. पुढे जांघेतून नळी सरकवण्याची सोय झाली, धोका पुष्कळ घटला; पण नळी ती नळीच. तिच्यामुळे क्वचित पक्षाघातही होतो. नुसत्या शंकेपोटी ती कुणाच्या, त्यातून लहान मुलाच्या, अंगात कोण घालणार?

नळीविना तपासायचे तर अल्ट्रासाउंड हवा; पण त्याला कवटीचे हाड आडवे येत होते. १९८२ साली नॉर्वेचे रूने आस्लिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ मेगाहर्ट्झच्या कमी वारंवारतेच्या लहरी वापरल्या आणि डोळा व कान यांच्यामधले पातळ हाड गाठले. डॉक्टर त्या जागेला खिडकीच म्हणतात. काही वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, हे हाड जाड निघते आणि तपासणी तिथेच थांबते.

कवटीआड वाहणाऱ्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात. तिच्या खोलीत फारसे काही घडताना दिसत नाही. कानशिलाला जेल लावायचे, प्रोब किंचित तिरका करत राहायचे. अचानक ‘हूश्श-हूश्श’ असा नाडीच्या लयीतला आवाज येतो आणि पडद्यावर वेगाची शिखरे उमटतात. पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोरात उडते, तसेच इथे: वाट अरुंद, तर वेग जास्त. मूल पेंगू लागले तर त्याला हलवून जागे करतात, कारण झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फसवतो.

फसवणूक इतरही ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या ‘सोनिया’ अभ्यासात (२००७) डॉपलर आणि एमआर अँजिओग्राफी या दोन्ही तपासण्या नळीच्या अँजिओग्राफीशी ताडून पाहिल्या. ‘वाहिनी निम्मी किंवा जास्त अरुंद आहे’ हे डॉपलरचे म्हणणे ३६ टक्के वेळा खरे निघाले, एमआरचे ५९ टक्के. ‘तसे नाही’ हे म्हणणे मात्र ८६ आणि ९१ टक्के वेळा खरे. म्हणजे रिपोर्टमधल्या ‘नाही’वर बराच भरवसा ठेवावा, ‘आहे’ दिसले की घाबरून न जाता पुढची तपासणी करावी.

तरीही याच डॉपलरने एका आजारात पक्षाघाताचे गणित बदलले. सिकलसेल या रक्ताच्या आजारात काही मुलांच्या मेंदूच्या मोठ्या वाहिन्या हळूहळू अरुंद होतात आणि शाळकरी वयातच पक्षाघात येऊ शकतो. रॉबर्ट अॅडम्स यांच्या ‘स्टॉप’ चाचणीत सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेग असलेली १३० मुले होती. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ११ जणांना पक्षाघात झाला, नियमित रक्त चढवलेल्यांपैकी एकालाच. चाचणी मुदतीआधीच थांबवून निष्कर्ष १९९८ साली छापले गेले. २००५ च्या दुसऱ्या चाचणीत रक्त देणे बंद केले, तर कित्येकांचा वेग पुन्हा वाढला. २०१६ साली दिसले की, वर्षभर तरी रक्त घेतलेल्या आणि वाहिन्या फार बिघडलेल्या नसलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवरही नेता येते.

विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेल घरोघरी माहीत आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून आजार काहीसा सौम्य मानतात. पण पक्षाघात इथेही होतो. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत मुख्य भर रक्ततपासणीवर आहे. तिच्या रिपोर्टवर ‘एएस’ असेल, तर ते मूल वाहक आहे, त्याला डॉपलरची गरज नाही. ‘एसएस’ असेल, तर २ ते १६ या वयात दरवर्षी डॉपलर करावे, असे अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. या तपासणीला सुई लागत नाही. एसएस मुलाच्या आईवडिलांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिच्याबद्दल आवर्जून विचारावे.