टीडीपी-४३ : पेशीतला खडूस उपसंपादक

१९९५ साली एचआयव्हीच्या मागावर असलेल्या शास्त्रज्ञांना एक मानवी प्रथिन सापडलं. विषाणूच्या ‘टार’ नावाच्या डीएनए तुकड्याला ते चिकटत होतं आणि वजनाने साधारण ४३ किलोडाल्टन होतं. म्हणून बारसं झालं ‘टार डीएनए बाइंडिंग प्रोटीन ४३’, थोडक्यात टीडीपी-४३. गंमत म्हणजे पेशीत याचं बरंचसं आयुष्य जातं ते आरएनएच्या मागे! पण तोवर नाव पडलं ते पडलंच.

राहतो कुठे? पेशीच्या केंद्रकात. जनुक पहिल्या गुणसूत्रावर, लांबी ४१४ अमिनो आम्लं. आणि हा नसला तर? उंदराच्या गर्भातून याचं जनुक काढून टाकलं, तर तो गर्भ जगतच नाही.

करतो काय? जनुकावरून आरएनएची जी पहिली प्रत निघते, ती भरताडाने भरलेली असते. कामाचे तुकडे म्हणजे एक्सॉन, मधला पसारा म्हणजे इंट्रॉन. पसारा छाटून एक्सॉन जोडले, की प्रथिनाची कृती तयार. घोळ असा, की पसाऱ्यातले काही तुकडे हुबेहूब एक्सॉनसारखे दिसतात. टीडीपी-४३ अशा तुकड्यांजवळ ठाण मांडून बसतो आणि त्यांना मजकुरात शिरू देत नाही. वाचकाला उपसंपादकाचं नाव कधी कळत नाही. तो सुट्टीवर गेला, की मात्र अंकात काय काय छापून येतं ते विचारू नका. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फिलिप वाँग यांच्या गटाने हेच दाखवलं : टीडीपी-४३ काढून घेतला, की हे लपलेले एक्सॉन खुशाल आत घुसतात.

आवडतं अक्षर? एक नाही, दोन : आरएनएच्या लिपीतली यू आणि जी. ‘यूजीयूजीयूजी’ अशी माळ दिसली, की स्वारी तिला चिकटलीच. इटलीतल्या त्रिएस्ते इथे फ्रान्सिस्को बराले आणि इमानुएले बुराती यांनी २००१ मध्ये हे उघड केलं, तेही सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाचा अभ्यास करताना. तिथे नवव्या एक्सॉनच्या दाराशीच ही माळ असते. ती जितकी लांब, तितकी याची पकड घट्ट, आणि मग बिचारा खराखुरा एक्सॉनही गाळला जातो. खडूसपणा कधी कधी नडतो तो असा.

स्वतःलाही सूट नाही. पेशीत टीडीपी-४३ जास्त झाला, की तो स्वतःच्याच संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटतो आणि स्वतःचं उत्पादन कमी करवतो. इतकी शिस्त भल्याभल्यांना जमत नाही.

आणि मग २००६. फिलाडेल्फियात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की या शास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेत, आणि त्याच वर्षी जपानमध्येही, एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. एएलएस हा चेतापेशी मारत जाणारा, स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार. त्याच्या रुग्णांच्या चेतापेशींत गुठळ्या दिसायच्या, पण त्या कशाच्या ते कळत नव्हतं. त्या निघाल्या टीडीपी-४३च्या. एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत हेच चित्र आढळतं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांतही. नुकसान दुहेरी : केंद्रकाबाहेर गुठळ्यांची गर्दी आणि केंद्रकात कामाला कोणी नाही.

कामाला कोणी नसलं, की काय होतं? स्टॅथमिन-२ हे प्रथिन चेतातंतू तुटल्यावर पुन्हा वाढायला मदत करतं. टीडीपी-४३ गायब झाला, की स्टॅथमिन-२च्या आरएनएत एक नको तो तुकडा घुसतो आणि प्रथिन बनायचंच थांबतं. अमेरिकेतल्या दोन गटांनी २०१९ मध्ये हे दाखवलं. यूएनसी१३ए या जनुकातली काही रूपं एएलएसचा धोका वाढवतात, हे २००९ पासून माहीत होतं. का, ते मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. २०२२ मध्ये उलगडा झाला : ती रूपं नेमकी अशाच एका लपलेल्या एक्सॉनच्या आसपास बसलेली आहेत.

गुठळी वाईटच असते? स्नायूंना विचारा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांना दिसलं, की जखमी स्नायू भरून येताना टीडीपी-४३ केंद्रकाबाहेर येतो आणि आजारातल्यासारखेच गोळे करतो. स्नायू बरा झाला, की गोळे आपसूक विरघळतात. निरोगी शरीर हा खेळ सर्रास खेळतं, हे वाचून मी त्यांच्या शोधनिबंधातला तो परिच्छेद परत वाचला.

उंदरांची पंचाईत. स्टॅथमिन-२ मधला तो घुसखोर तुकडा माणसात आहे, उंदरात नाही. म्हणजे औषध तपासायचं कोणावर? संशोधकांनी उंदराच्याच जनुकात माणसाचा तो तुकडा, टीडीपी-४३ची चिकटायची जागा काढून, बसवला, आणि त्या उंदरांत स्टॅथमिन-२ घटलं. मग आरएनएवर नेमक्या जागी जाऊन बसणारा, प्रयोगशाळेत बनवलेला एक छोटा तुकडा मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचला. घुसखोरी थांबली, स्टॅथमिन-२ पुन्हा वाढलं. ही २०२३ची गोष्ट.