कोडवरचं कर्ज

हिंजवडीत किंवा ऐरोलीत कुठल्याही आयटी कंपनीच्या मीटिंगला बसा, ‘टेक्निकल डेट’ हा शब्द कानावर पडतोच. तो आला १९९२ च्या सुमारास. वॉर्ड कनिंगहॅम हे अमेरिकी प्रोग्रामर तेव्हा ‘वायकॅश’ या गुंतवणुकीचे हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. कोड चालत होता, तरी त्यांची टीम तो अधूनमधून नव्याने बांधत होती. चालतंय ते परत का करायचं, हे साहेबांना कसं पटवायचं? जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचं रूपकांवरचं १९८० सालचं पुस्तक कनिंगहॅम यांच्या वाचनात आलेलं होतं. सॉफ्टवेअर पैशांचं, म्हणून रूपकही त्यांनी पैशांचंच घेतलं. घाईत दिलेला कोड म्हणजे कर्ज.

साहेबांना कोड कळला नाही तरी कर्ज कळतं. आणि कर्ज म्हटलं की मुद्दल आणि व्याज न बोलावता मागोमाग येतात. कोड नीट करायला लागणारी मेहनत हे मुद्दल. तो तसाच ठेवल्याने प्रत्येक नव्या बदलाला लागणारा जादा वेळ हे व्याज. कर्ज काढणं हा गुन्हा नाही, हेही त्यातच आलं. बाजारात वेळेवर उतरायला थोडं कर्ज काढणं शहाणपणाचं ठरू शकतं, फेडायचं राहिलं की महागात पडतं.

समजा, टीम लीडला तीन आठवडे हवे आहेत. ‘सर, मॉड्यूल फार गिचमिड झालंय, साफ करायचंय’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, पुढच्या क्वार्टरला बघू. त्याऐवजी तो म्हणाला, ‘सर, दिवाळीच्या रिलीजला शॉर्टकट घेतला, ते कर्ज अजून डोक्यावर आहे. प्रत्येक फीचरमागे दोन दिवस व्याजात जातायत. तीन आठवडे मिळाले तर मुद्दल फिटेल.’ मागणी तीच, पण आता सरांना हिशेब मांडता येतो. ऐकणाऱ्याला पुढचा नेमका प्रश्न विचारता येतो का, हीच मला रूपकाची खरी कसोटी वाटते.

प्रत्येक रूपक कुठेतरी लंगडं पडतंच. हप्ता चुकला की बँकेची नोटीस येते, कोडकडून काही येत नाही. ज्या कोडला कुणी हातच लावत नाही, त्यावर व्याजही चढत नाही. शिवाय शब्द रुळला की सैल होतो. निष्काळजीपणे लिहिलेल्या कोडलाही लोक ‘डेट’ म्हणू लागले, तेव्हा २००९ मध्ये कनिंगहॅम यांनी खुलासा केला. त्यांच्या मनात होता तो त्या वेळच्या समजुतीनुसार नीटच लिहिलेला, पण समज वाढल्यावर मागे पडलेला कोड.

रूपक काम करतं ते बहुतेकदा आपल्या नकळत. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०११ मध्ये एका शहरातल्या गुन्हेगारीचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. काहींच्या मजकुरात गुन्हेगारी हिंस्र श्वापद होती, काहींच्या मजकुरात विषाणू. आकडे सारखेच. श्वापद वाचलेल्यांनी पोलीस आणि तुरुंग जास्त सुचवले, विषाणू वाचलेल्यांचा कल मुळाशी जाऊन सुधारणा करण्याकडे तुलनेने जास्त होता. कारण विचारल्यावर बहुतेकांनी बोट दाखवलं ते आकड्यांकडे.

मनातल्या मनात बोलताना तर टोकायलाही कुणी नसतं. ‘कामाचा डोंगर आहे’ म्हटलं की त्याच्यापुढे आपण तेवढे खुजे होतो. ‘कामं तुंबलीत’ म्हटलं की कुठे अडलंय ते शोधायला मन लागतं. कुणाची सही राहिलीय? कुठलं उत्तर यायचंय? कामं तेवढीच असतात, पण दुसऱ्या वाक्यानंतर हात फोनकडे जातो.

तरीही अमुकच रूपक चांगलं असा नियम करता येत नाही. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो आणि सहकाऱ्यांनी कर्करुग्णांची भाषा अभ्यासली. ‘झुंज’ या शब्दाने काहींना बळ येत होतं, तर काहींना आजार वाढताच आपणच कमी पडलो असं वाटत होतं. ‘प्रवास’ हे रूपकही कुणाला धीर देत होतं, कुणाला नकोसं होत होतं. म्हणून या मंडळींनी अनेक रूपकांचा एक मेनूच तयार केला. रुग्णाने आपल्याला मानवेल ते त्यातून उचलायचं, बाकीचं सोडून द्यायचं.