काच थंड, लुक कूल!

वीकेंडला काशीद गाठायचंय, पण गाडीचा पार तंदूर होतोय? सिरॅमिक फिल्मची सध्या चांगलीच हवा आहे. पण खिसा हलका करण्याआधी तिचं गणित आणि कायदा, दोन्ही समजून घ्या!

पाच दिवस एसी ऑफिसात बसायचं आणि शनिवारी उजाडताच गाडी काढून अलिबाग-रेवदंडा मार्गे काशीद गाठायचं, हा मुंबईकरांचा लाडका बेत. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि बेत आणखी सोपा झाला. पांढरी वाळू, सुरूची झाडं, शहाळं... सगळं मस्त! फक्त तिथे पोचेपर्यंत डावा हात भाजून निघालेला असतो आणि परतताना पार्किंगमधल्या गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. मग ग्रुपमधला कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, 'सिरॅमिक मारून घे रे, नव्वद टक्के हीट कट!' खरंच? चला, बघूया.

ऊन कुठल्या बाजूचं?

आधी एक साधा फंडा. सकाळी मुंबईहून निघालात की अटल सेतूवर तोंड पूर्वेकडे, म्हणजे सूर्य थेट समोरच्या काचेत. पुढे पेण आणि मग रेवदंड्याहून काशीदकडे जाताना गाडी साधारण दक्षिणेला चाललेली असते, म्हणजे ऊन डावीकडून. संध्याकाळी परत फिरलात की तोंड उत्तरेकडे आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडे! शेवटी सेतूवर मावळतीचा सूर्य परत समोर. थोडक्यात, सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणारा दोन्ही वेळा भाजला जातो. मुक्काम करून रविवारी सकाळी निघालात, तर मात्र ड्रायव्हरची बाजू तापते. पुणेकरांचं उलटं. जाताना सूर्य पाठीमागे आणि संध्याकाळी घरी येतानाही पाठीमागेच, त्यामुळे मागच्या सीटवरच्या मंडळींनी तक्रार केली तर ती ऐकून घ्या.

हे एवढ्यासाठी सांगायचं, की 'पूर्ण गाडीचं पॅकेज' घेण्याआधी तुम्हाला त्रास नेमका कुठल्या काचेचा होतो, ते ओळखा. समोरची काच सगळ्यात मोठी, उष्णताही तिच्यातूनच सगळ्यात जास्त येते. आणि गंमत म्हणजे, कायद्याने सगळ्यात कमी सूट तिलाच आहे. पण ते पुढे.

फिल्मचे चार अवतार

दुकानात गेलात की चार नावं कानावर पडतील. सगळ्यात स्वस्त ती डाइड, म्हणजे रंग घातलेली फिल्म. ती काळोख छान देते, उष्णता फारशी अडवत नाही. हलक्या दर्जाची असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते. रस्त्यावर जांभळ्या काचांची गाडी दिसली की समजा, हीच ती!

दुसरी मेटलाइज्ड. हिच्यात धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो ऊन परतवतो, पण गाडीला आरशासारखी चमक आणतो आणि रेडिओ लहरींनाही अडवतो. म्हणजे मोबाइलची रेंज, जीपीएस आणि समोरच्या काचेवर लावली तर फास्टॅगसुद्धा. टोलनाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकायचे नसतील, तर विचार करा.

तिसरी कार्बन. मॅट काळी, रंग न सोडणारी, कामाला ठीकठाक.

आणि चौथी आपली सिरॅमिक. नावावरून चिनीमातीची बरणी डोळ्यासमोर आणू नका. पॉलिएस्टरच्या फिल्ममध्ये धातूंच्या ऑक्साइड किंवा नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण पसरवलेले असतात. अँटिमनी-टिन ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड अशा कणांची खासियत ही, की ते डोळ्यांना दिसणारा उजेड बराचसा जाऊ देतात आणि न दिसणारे इन्फ्रारेड किरण शोषून घेतात. धातूचा सलग थर नसल्याने सिग्नलला धक्का नाही, आरशासारखी चमकही नाही. म्हणूनच ती महाग. साध्या फिल्मच्या कित्येक पट!

यात मराठी अभिमानाचाही एक कोपरा आहे. आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातली गरवारे हाय-टेक फिल्म्स (२०२१पर्यंत गरवारे पॉलिएस्टर) छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत अशा फिल्म बनवते आणि परदेशातही विकते. तेव्हा 'इम्पोर्टेड आहे साहेब' एवढ्यावर भाळून जाऊ नका.

आकड्यांचा खेळ

आता त्या 'नव्वद टक्के हीट कट'कडे वळू. हा आकडा खोटा नसतो, अर्धवट असतो. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत साधारण निम्मा वाटा इन्फ्रारेडचा, चव्वेचाळीस-पंचेचाळीस टक्के दिसणाऱ्या उजेडाचा आणि उरलेला थोडा अतिनील किरणांचा. दुकानदार जो नव्वदचा आकडा दाखवतो, तो बहुतेक वेळा फक्त इन्फ्रारेडचा, आणि तोही त्यातल्या सोयीच्या छोट्याशा पट्ट्यात मोजलेला. उजेडातून येणाऱ्या उष्णतेचा त्यात हिशेबच नाही!

पाहायचा आकडा वेगळा. टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेतली किती टक्के आत येत नाही, तो आकडा. आता कागद-पेन्सिल घ्या. फिल्म ७० टक्के उजेड आत सोडत असेल, तर उजेडाच्या ४४ टक्क्यांपैकी जवळजवळ ३१ टक्के ऊर्जा आत आलीच. बाकी सगळं इन्फ्रारेड आणि अतिनील शंभर टक्के अडवलं, तरी टीएसईआर ६९च्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात शोषलेल्या उष्णतेतला काही भाग काच आतल्या बाजूला सोडते, त्यामुळे ७० टक्के उजेडाच्या चांगल्या सिरॅमिक फिल्मचा आकडा साधारण ४० ते ५०च्या घरात असतो. तेव्हा पारदर्शक फिल्म दाखवून कुणी '९० टक्के उष्णता बंद' म्हणालं, तर हसून पुढच्या दुकानात जा.

आणखी एक खुबी. दुकानात लाल दिव्यासमोर काच धरून 'हात लावून बघा' असा प्रयोग करतात. तो दिवा जवळजवळ सगळं इन्फ्रारेडच फेकतो, म्हणजे पेपर सिरॅमिकच्या आवडीचाच सेट केलेला! शिवाय दोन मिनिटांत हात काढून घेतात. सिरॅमिक उष्णता शोषते, म्हणजे हळूहळू काच स्वतःच तापते. गाडी पळत असताना बाहेरचा वारा ती उष्णता घेऊन जातो, म्हणून घाटात आणि हायवेवर फरक झकास जाणवतो. काशीदच्या किनाऱ्यावर गाडी पाच तास उन्हात उभी राहिली, तर फिल्म तापणं लांबवेल, थांबवणार नाही. तिथे सुरूच्या झाडाची सावली आणि काचेमागचा चंदेरी सनशेड अजूनही बेस्ट. आणि तेही जवळजवळ फुकटात!

दिसते कशी?

खरं बोलायचं तर निम्म्या लोकांना फिल्म हवी असते ती लुकसाठी. पण कायद्यात बसेल एवढी फिकट सिरॅमिक लावली की गाडी जवळपास आहे तशीच दिसते. काळीभोर 'डॉन'छाप गाडी विसरा. काही फिल्मना हलकी निळसर झाक असते, काहींना हिरवट, काही अगदी न्यूट्रल. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर निळसर झाक चटकन कळते, काळ्या-राखाडीवर लपून जाते. छोट्या नमुन्यावर रंग ठरवू नका. काच खाली करून नमुना तिच्यावर धरा आणि उन्हात, गाडीच्या बाहेरून बघा.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा मात्र आतून द्यायची असते. हलक्या दर्जाच्या सिरॅमिकमध्ये दुधाळपणा असतो. दुपारी तो दिसत नाही. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं किंवा रात्री समोरून हेडलाइट आले, की काचेवर धुकं पसरल्यासारखं वाटतं. रेवदंड्यापुढचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दिवे तुरळक. सायकलवाला, गुरं, वळणावर अचानक आलेली एसटी... तिथे आरशात नीट न दिसणं म्हणजे थेट जिवाशी खेळ. लुकचा विचार त्यानंतर.

कायदा काय म्हणतो?

इथे जरा सीरियस व्हा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधल्या नियम १००नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायलाच हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की काचेवर वरून फिल्म चिकटवायचीच नाही, मग तिची टक्केवारी कितीही असो. काळ्या काचांच्या आड होणारे गुन्हे ही त्यामागची काळजी. ४ मे २०१२पासून ते देशभर लागू झालं आणि रस्तोरस्ती पोलिसांनी फिल्म सोलून काढल्या.

पुढे नियम १००मध्ये बदल झाला. १ एप्रिल २०२१पासून नुसत्या 'सेफ्टी ग्लास'बरोबर 'सेफ्टी ग्लेझिंग'ही चालतं, ज्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काच येते. याच आधारावर केरळ हायकोर्टाने सप्टेंबर २०२४मध्ये म्हटलं, की ७० आणि ५०ची मर्यादा पाळणारी, मानकात बसणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. पण लक्षात घ्या, तो निकाल केरळचा. आपल्याकडे चौकातला हवालदार २०१२च्या निकालावर बोट ठेवून पावती फाडू शकतो. त्यामुळे फिल्म लावायचीच, तर मर्यादेच्या आतली लावा, बिल आणि प्रमाणपत्र गाडीत ठेवा, आणि तरीही हुज्जत घालायची वेळ येऊ शकते हे गृहीत धरा. एवढी कटकट नको असेल, तर नवी गाडी घेतानाच उष्णता अडवणारी कंपनीची काच असलेलं मॉडेल निवडणं सगळ्यात सेफ.

आणि हो, टक्केवारी मोजतात ती काच अधिक फिल्म अशी! गाडीची मूळ काच ७८ टक्के उजेड सोडत असेल आणि फिल्म ७० टक्के, तर हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा. हाती येतात ५४.६ टक्के. बाजूला पास! पण '५०ची' फिल्म लावलीत तर ३९ टक्के, म्हणजे नापास. समोरच्या काचेवर तर ९०ची फिल्मसुद्धा ७०.२वर काठावर पास होते. तिथे मोह टाळलेलाच बरा. शिवाय समोरची काच लॅमिनेटेड असते आणि अतिनील किरणांपैकी बहुतेक ती स्वतःच अडवते. त्वचेची काळजी असेल तर खरी गरज बाजूच्या काचांना आहे.

लावल्यावर...

फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवत आतून लावतात. ती पुरती वाळायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. सुरुवातीला पाण्याचे बारीक फुगे दिसले तर घाबरू नका, तेवढ्या काळात ते जातात. धुळीचे कण मात्र जात नाहीत. तीन-चार दिवस काचा खाली करू नका आणि अमोनियावालं ग्लास क्लीनर वापरू नका. मागच्या काचेवर डीफॉगरच्या तारा असतील, तर जुनी फिल्म ओरबाडून काढू देऊ नका. तारा निघाल्या तर काच बदलण्याचा खर्च!

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. टीएसईआर किती? तो कंपनीच्या छापील कागदावर दाखवा.

२. माझ्या काचेसकट उजेड किती टक्के? मीटर लावून मोजून द्या.

३. हेझ, म्हणजे दुधाळपणा किती? फिल्म लावलेली एखादी गाडी संध्याकाळी बघायला मिळेल का?

४. वॉरंटी कुणाची, दुकानाची की कंपनीची? रंग उडणं, सुटणं, फुगे येणं, तिन्ही त्यात आहे ना?

५. बिलावर फिल्मचं नाव, टक्केवारी आणि सीरियल नंबर लिहून देणार ना?

पाचही उत्तरं सरळ मिळाली, तर बाजूच्या चार काचांपासून सुरुवात करा. एक उन्हाळा काढा, मग बाकीचं ठरवा. उरलेल्या पैशांत काशीदला आणखी एक वीकेंड नक्की बसतो, आणि या वेळी शेजारच्या सीटवरून 'हात भाजला' अशी ओरड ऐकू येणार नाही!