नामदेवांचे दुसरे घर : शीख पंथाचा अल्प परिचय

संत नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, हे विधान आपण मराठी भाषक मोठ्या अभिमानाने करतो. अध्यापनाच्या काळात मीही ते वर्षानुवर्षे सांगितले आणि विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकांत इमानेइतबारे उतरवले. परंतु आपले कुतूहल बहुधा तेथेच थांबते. २०१५ साली पंजाबातील घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही नामदेव तेथवर गेले याचेच कौतुक अधिक झाले. ज्या घरात ते गेले त्या घराची रीत कोणती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. आपणा हैदराबादकरांना तर तो परका वाटू नये. नांदेड आणि बीदर ही या पंथाची दोन पूज्य स्थळे जुन्या हैदराबाद संस्थानातलीच.

‘शीख’ म्हणजे शिष्य. पंथाचे प्रवर्तक गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्यापासून गुरू गोविंदसिंगांपर्यंत दहा गुरू झाले. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये पूर्वगुरूंच्या आणि स्वतःच्या रचना एकत्र करून ग्रंथ सिद्ध केला व तो अमृतसरच्या हरिमंदिरात स्थापिला. या संकलनात त्यांनी कबीर, रविदास, शेख फरीद, त्रिलोचन, नामदेव अशा संतांनाही स्थान दिले. विणकर, चर्मकार, मुसलमान सूफी आणि आपला शिंपी हे सारे गुरूंच्या पंक्तीला बसले. पुढे १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि ग्रंथालाच गुरुपद दिले.

हे गुरुपद अलंकारिक नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपणही ज्ञानेश्वरीची पूजा करतो, पण तेथे ग्रंथ विठ्ठलाकडे जाण्याची वाट असतो. गुरुद्वारात मूर्ती नसते. १४३० पृष्ठांचा ग्रंथ हाच तेथे सिंहासनस्थ असतो. पहाटे तो विधिपूर्वक उघडतात, त्याला ‘प्रकाश’ म्हणतात. रात्री मिटून विश्रांतिस्थानी नेतात, ते ‘सुखासन’. वर चांदवा, मागे चवरी ढाळणारा सेवक. येणारा मस्तक झाकून, अनवाणी येतो आणि ग्रंथापुढे माथा टेकतो. या माथा टेकण्यात नामदेवांनाही वंदन घडते, कारण गुरूंची वाणी आणि संतांची वाणी असा भेद तेथे केला जात नाही. पठणासाठी जन्मजात पुरोहितवर्ग नाही. गुरुमुखी लिपी येणारा कोणीही, स्त्री असो वा पुरुष, वाचू शकतो. ग्रंथाची बहुतेक रचना रागांनुसार आहे, म्हणून कीर्तन हा उपासनेचा गाभा ठरतो.

श्रद्धेचे सूत्र एकोंकारात आहे. ईश्वर एक, निराकार, जन्ममरणातीत. तो अवतार घेत नाही. सृष्टी त्याच्या ‘हुकमा’ने चालते. त्या हुकमाला ओळखण्याआड येतो तो ‘हौमै’, म्हणजे मीपणा. त्यावर उपाय नामस्मरण, आणि अखेरीस ईश्वरी कृपा. इथपर्यंत वारकऱ्याला काहीच नवीन वाटणार नाही; ग्रंथातील नामदेव ‘बीठल’ हे नावही घेतातच. मात्र विटेवरचे सगुण रूप तेथे नाही. संन्यास, उपवास, तीर्थस्नानाचे पुण्य यांना नानकांनी महत्त्व दिले नाही. नाम जपावे, कष्टाने मिळवावे, मिळवलेले वाटून खावे, ही त्रिसूत्री संसारी माणसासाठी आहे.

वाटून खाण्याचे दृश्य रूप म्हणजे लंगर. तिसरे गुरू अमरदास यांच्याविषयी परंपरा सांगते की, भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीत जेवावे आणि मगच भेटावे, असा त्यांचा दंडक होता. ‘पंगत’ हाच शब्द तेथेही आहे, आणि मला वाटते, आपल्या संतपरंपरेच्या अभ्यासकाने येथे थोडे थबकावे. चंद्रभागेच्या वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडलो. काल्याचा प्रसंग सोडला तर पंगती मात्र बहुधा जातीजातीच्याच राहिल्या. शिखांनी समतेची कसोटी ताटापाशी लावली. पंजाबातील खेड्यांतून जात नाहीशी झाली असे नव्हे. काही ठिकाणी जातवार गुरुद्वारेही आढळतात. तरीही लंगरात बसल्यावर शेजाऱ्याची जात विचारण्याची सोय उरत नाही.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसाची स्थापना झाली. गुरूंच्या हाकेला शिर देण्यास उठलेल्या ‘पंज प्यारे’ यांपैकी साहिबचंद हा बीदरचा न्हावी, तर द्वारकेचा मोहकमचंद हा छिंबा, म्हणजे नामदेवांच्याच व्यवसायातला. त्यांना अमृत दिल्यावर गुरूंनी त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. केश, कंगवा, कडे, कृपाण आणि कच्छेरा ही पाच चिन्हे अमृतधारी शिखाने धारण करावयाची, पुरुषाने ‘सिंग’ व स्त्रीने ‘कौर’ हे नामाभिधान लावावयाचे, तंबाखू वर्ज्य. मात्र प्रत्येक शीख अमृतधारी असतोच असे नाही.

नांदेडचा हजूरसाहिब हा पंथाच्या पाच तख्तांपैकी एक. महाराजा रणजितसिंगांच्या द्रव्यसाहाय्याने तेथील वास्तू उभी राहिली. दीप घेऊन आरती, गुरूंच्या शस्त्रांचे दर्शन या तेथील काही प्रथा पंजाबातील सर्वसाधारण गुरुद्वारांत दिसत नाहीत. आपल्याकडचे पुष्कळ लोक नांदेड पाहूनच शीख धर्माविषयी मत बनवतात, म्हणून हे नमूद केले.

गृहस्थाच्या आयुष्यातही ग्रंथ असाच मध्यभागी असतो. विवाहात वधूवर अग्नीभोवती न फिरता ग्रंथाभोवती चार फेरे घेतात. मूल जन्मल्यावर ग्रंथ सहज उघडतात. जे पद समोर येईल त्याच्या आद्याक्षरावरून नाव ठेवतात. ते पद नानकांचे असेल, कबीरांचे असेल. एखाद्या दिवशी ते नामदेवांचेही निघते आणि अमृतसरच्या कुठल्याशा घरातील बाळाच्या नावाचे पहिले अक्षर आपल्या नाम्याच्या पदातून येते.