एका कॉलेजची दोन पंचांगं

जुलै महिन्यात पोंभुर्णा तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्याने सकाळी निघालं, तर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. फाट्यावर पाठीला बॅग लावून एसटीची वाट पाहणारी मुलं आणि शेजारच्याच बांधीत गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाया. जरा थांबून पाहिलं, की बांधीतल्या काही चेहऱ्यांचं वय फाट्यावरच्या मुलांएवढंच असल्याचं लक्षात येतं. त्यांतल्या काहीजणींची नावं कॉलेजच्या पटावर असतात. त्या दिवशी हजेरीपुस्तकात त्यांच्यापुढे गैरहजेरीची खूण पडते.

ही खूण नेमकी कशामुळे पडते, हा या लेखाचा विषय आहे. मी प्राध्यापक नाही. १९८८ साली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला आणि माझं कॉलेज तिथेच संपलं. पुढचं सगळं वाचन ग्रंथालयातल्या बाकावर झालं. आपण आळशी होतो, असंच मी पुढे बरीच वर्षं धरून चाललो होतो. अलीकडे या भागातल्या गावकॉलेजांची दिनचर्या वहीत टिपू लागलो, तेव्हा विद्यापीठाचं वेळापत्रक आणि आमच्या झाडीपट्टीचं पंचांग शेजारी शेजारी मांडून पाहिलं. त्या मांडणीतून जे दिसलं, ते इथे सांगतो.

आधी कॉलेजबद्दल थोडं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालयं पूर्वी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि ती तिकडे आली. तालुक्याच्या गावी कॉलेज असणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या पिढीत बारावीनंतर शिकायचं तर चंद्रपूर गाठावं लागे, खोली करावी लागे. मुलीला कोणी खोली करून देत नसे. गावाजवळ कॉलेज आलं आणि घरातली पहिली पदवीधर बहुधा मुलगी निघू लागली.

जगात अशा कॉलेजला एक नाव आहे : कम्युनिटी कॉलेज. अमेरिकेत १९०१ साली जोलिएट या गावी एका हायस्कुलातच सहा विद्यार्थ्यांवर असं पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं. मुलांनी घरी राहून पुढची दोन वर्षं शिकावं, हा साधा विचार त्यामागे होता. १९४७च्या ट्रुमन आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं. घराजवळ, कमी फीमध्ये, कामधंदा सांभाळून आणि त्या भागातल्या कामाशी जोडलेलं शिक्षण, असा त्याचा अर्थ. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली हा प्रयोग केला आणि २०१३मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची योजना काढली. पोंभुर्ण्यासारख्या गावातलं कॉलेज कागदावर साधं पदवी महाविद्यालय असतं. घराजवळ असणं आणि कमी फी, या दोन अटी ते पुऱ्या करतं. अडचण उरलेल्या दोन अटींची आहे.

आता पहिलं पंचांग घेऊ. आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षात किमान १८० दिवस प्रत्यक्ष अध्यापन व्हायला हवं. जून-जुलैमध्ये प्रवेश, दिवाळीच्या आगेमागे हिवाळी परीक्षा, मग दुसरं सत्र, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी परीक्षा. हजेरी ७५ टक्के हवी. म्हणजे १८० पैकी १३५ दिवस हजर राहायचं आणि ४५ दिवसांची मुभा. कागदावर ही मुभा उदार वाटते.

दुसरं पंचांग पावसावर आणि झाडांवर चालतं. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. ती बायांच्या हाताची असते आणि गटाने होते. आज माझ्या बांधीत तू आलीस, तर उद्या तुझ्या बांधीत मी. त्यामुळे एखादीला 'माझा आज तास आहे' म्हणून मागे राहता येत नाही. हलकं धान दिवाळीच्या सुमाराला कापणीला येतं, भारी धान त्यानंतर. कापणी, बांधणी, पुंजणे, चुरणे हे सगळं हिवाळी परीक्षेच्या दिवसांत. धान घरात आलं की कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणाकडे निघतात आणि फेब्रुवारी-मार्चनंतर परततात. मग मोह गळू लागतो. मोहफुलं पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. या जिल्ह्यात पहाटे रानात जाणं म्हणजे वाघाची भीती आलीच, म्हणून एकट्याने जायचं नाही, घरातली दोघं-तिघं लागतात. आणि मेमध्ये तेंदू. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. वर्षातला मोठा रोख पैसा या थोड्या दिवसांत हाती येतो.

माझ्या दुसऱ्या वर्षाचा हिशेब मी आठवून मांडला. सुट्टीत गेलेले दिवस वगळले, तरी रोवणीचे १८, कापणी-चुरण्याचे १६ आणि मोहाचे १५. एकूण ४९. मुभा ४५ची. कॉलेज सकाळचं होतं, त्यामुळे मोह वेचून पोचेपर्यंत तास संपलेले असत. चार दिवसांनी माझं वर्ष गेलं. त्यात आजारपण नव्हतं, उनाडक्या नव्हत्या. माझ्याबरोबर ज्यांच्या घरी शेती नव्हती, त्यांचा हिशेब सहज जुळत होता.

या दोन पंचांगांच्या मध्ये एसटी उभी आहे. कॉलेजचं खरं वेळापत्रक तीच ठरवते. पहिली गाडी चुकली की पहिले दोन तास गेले, आणि परतीची गाडी लवकरची असेल तर शेवटचा तास कोणी ऐकत नाही. विद्यार्थ्याला पासात सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत असतो, म्हणजे नेमकं पदवीला आल्यावर खर्च सुरू होतो. २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला. शहरात ती बातमी होती. इथे ते अख्खं सत्र होतं.

मग या कॉलेजात दिवस कसा जातो? जो विद्यार्थी येतो, तो मनापासून येतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. सकाळच्या तासांनंतर ग्रंथालयात पोलीस भरती आणि वनरक्षक भरतीची पुस्तकं आधी उचलली जातात. मैदानावर धावण्याचा सराव चालतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला नेटवर्क कुठे मिळतं, हे मुलं एकमेकांना सांगतात. हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतं. ही योजना १९६९पासून चालू आहे आणि स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावं असा तिचा नियम आहे. बंधारा घालायला शहरातल्या मुलांना शिकवावं लागतं. इथली मुलं फावडं हातात घेऊनच वाढलेली असतात, शिबिरात त्यांनाच शिकवावंसं वाटतं. स्नेहसंमेलनाची नाटकंही इथे वेगळी होतात, कारण भाऊबीजेपासून झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झालेला असतो. मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारं नाटक. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्ग ओस पडतो, आणि शिक्षकही ते समजून असतात.

शिक्षकांबद्दलही बोललं पाहिजे. राज्यातल्या अनेक कॉलेजांत पूर्णवेळ जागा भरलेल्या नाहीत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात. झालेल्या तासाचेच पैसे मिळतात. रोवणीत वर्ग रिकामा राहिला आणि तास झाला नाही, तर त्या माणसाचं उत्पन्नही बुडतं. म्हणजे पावसाचं पंचांग फळ्याच्या दोन्ही बाजूंना लागू आहे.

हे बदलता येण्यासारखं आहे का? मला वाटतं, आहे, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं मोजमाप श्रेयांकांत होतं. वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. राज्याच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाच्या कामालाही श्रेयांक ठेवले आहेत. मग वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मोहाच्या हंगामात गावातल्या मोहझाडांची मोजणी करावी, कोणत्या झाडाला कधी बहर येतो ते लिहावं. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नीट भरायला याहून चांगला हात कुठला? शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बांबू स्वतः विकते, आणि तेंदू तोडताना जंगलाचं नुकसान होतं म्हणून तो न तोडण्याचा निर्णय तिने घेतला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात प्रकल्पाचा विषय आहे. हिशेब, विक्री, मजुरी, मतभेद, सगळं गावातच पाहायला मिळतं.

एक धोकाही सांगतो. मजुरीलाच श्रेयांक देऊन मोकळं होणं सोपं आहे. रोवणीला गेलेल्या मुलीला 'हाच तुझा प्रकल्प' म्हटलं आणि तिला शिकवलं काहीच नाही, तर तिचं दुहेरी नुकसान होईल. तिने नोंद ठेवली पाहिजे, शिक्षकाने ती तपासली पाहिजे, आणि बुडालेला तास पुन्हा झाला पाहिजे. रोवणीच्या तीन आठवड्यांत वर्ग दुपारी घेऊन ते भाद्रपदात भरून काढता येतील. १८० दिवस पूर्ण करायचे आहेत. ते कोणते, हे ठरवताना निदान गावाला विचारावं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा इकडे हलकं धान कापून बांधीत पडलेलं असेल आणि हिवाळी परीक्षेची वेळापत्रकं कॉलेजच्या फलकांवर लागलेली असतील. काही मुली दिवसा विळा चालवून रात्री इतिहासाची टिपणं वाचत असतील. त्यांतली एखादी यंदा नापास झाली, तर तिच्या घरच्यांनी आणि तिने स्वतःही तिला आळशी म्हणण्याआधी एकदा दिवस मोजावेत. माझे मोजायला मला तीस वर्षांहून जास्त लागली.